स्विचचा पासवर्ड फक्त मलाच माहीत!

नेटवर्कची कामं करणारे चार जण चहाला बसले की पाच मिनिटांत गाडी पासवर्डवर येतेच. माझे सगळे किस्से डोंबिवलीच्या एकाच कारखान्यातले. नव्वदचं दशक संपत आलेलं, मी प्रोबेशनवर. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर ज्या डब्याला जोडलेले, त्या स्विचला पासवर्डच नव्हता. कुणीही यावं, सेटिंग बदलून जावं! कुलकर्णी साहेब म्हणाले, "हा बंदोबस्त कर, तुझं कायम करण्याचं पत्र तयार आहे. सही तेवढी राहिलीये."

मी पासवर्ड टाकला, साहेबांना चिठ्ठीवर लिहून दिला. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर टाइप केलेलं परिपत्रक! "स्विचचा पासवर्ड खालीलप्रमाणे असून तो अत्यंत गोपनीय आहे. सर्व विभागांनी नोंद घ्यावी." एक प्रत गेटवरच्या वॉचमनलासुद्धा!

"अरे, कळवायला नको?" साहेब माझ्यावरच चिडले.

बदलला. आमचे इलेक्ट्रिशियन म्हात्रे म्हणजे जुना माणूस, दिसेल त्या बटणावर नाव रंगवणार. माझ्याकडून एकदा पासवर्ड विचारून घेतला, तर स्विचच्या कपाटावर लाल ऑइलपेंटने, हातभर अक्षरांत! मी डोकं धरून बसलो.

"तू नसलास त कोनाला इचारू रं? कागद काय, परून जातो!"

पुन्हा बदलला. साहेबांचा बाहेरून फोन, लाइनमध्ये नुसती खरखर. "ऐकू येत नाही, मोठ्याने सांग!" तीनदा ओरडलो. अख्ख्या हॉलने माना वर केल्या. अकाउंट्सच्या परुळेकर काकू म्हणाल्या, "इतका अवघड कशाला ठेवतोस रे? घसा बसेल."

मग मात्र कानाला खडा! माझ्या गावाचं, टिटवाळ्याचं नाव, पुढे महिन्याचा आकडा. दर एक तारखेला मीच बदलायचो. कुणाला म्हणजे कुणाला सांगितला नाही.

जुलैच्या दोन तारखेला हेड ऑफिसचे साहेब तपासणीला आले. पाठीशी कुलकर्णी साहेब, हातात माझं पत्र आणि उघडलेलं पेन.

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"फक्त मला, सर!"

टाइप केला. चूक. परत केला. चूक. तिसऱ्यांदा चुकलं तर स्विच मलाच बाहेर काढणार!

परुळेकर काकूंनी व्हाउचरवरची मान वर न करता सांगितलं, "अरे, काल एक तारीख झाली ना? टिटवाळ्यापुढे आता सात!"

सात टाकला. लागला.

कुलकर्णी साहेबांनी पेनाला टोपण लावलं.