दोन कोपरे सांग, बाकीचे मी काढते

आमच्या घरात खुर्ची कधी वाटेत नसते. उठलं की टेबलाखाली सारायची, ही सवय मला माझ्या नणंदेनं लावली. वन्संना जाऊन दोन वर्षं होत आली तरी ती सुटलेली नाही. आमचे हे हसतात. म्हणतात, आता कोण धडकणार आहे? मी म्हणते, तुम्ही तुमचा पेपर वाचा.

वन्सं शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नाही. स्वतःच्या कमाईवर दोन खोल्यांचं घर घेतलं आणि तिथं त्या कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा राहिल्या. शाळेची शेवटची दोन वर्षं फळ्यावरचं स्वतःचंच अक्षर त्यांना धूसर दिसायला लागलं होतं. निवृत्त झाल्यावर पेपर गेला, मग माणसांचे चेहरे गेले, आणि शेवटी खिडकीपाशी उजेड आहे एवढंच काय ते कळायचं.

साहजिकच ह्यांनी ठरवलं की ताईला आपल्याकडे आणायचं. मी तोंडदेखलं “हो, आणा की” म्हणाले आणि मनातून देव पाण्यात घालून बसले. वन्संची जीभ धारदार, माझीही काही बोथट नव्हे. एका म्यानात दोन तलवारी राहणार कशा? पण वन्संनीच साफ नकार दिला. स्वतःचं घर सोडून दुसऱ्याच्या घरात चाचपडत फिरणार नाही म्हणाल्या. भावाबहिणीची बरीच हुज्जत झाली आणि तहाचं एक कलम ठरलं. त्यांनी एकटं राहावं, पण एकदा जरी स्वतःच्या चुकीनं पडल्या, कुठं लागलं, तर निमूटपणे सामान बांधायचं. वन्संनी ते कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला की मोजपट्टी घेऊन ये. मला तर आंधळा मागतो एक डोळा तसं झालं. त्या त्यांच्या घरी सुखरूप राहिल्या तर माझं घर माझं राहणार होतं. मी धावत गेले.

दाराच्या डाव्या हाताला, दोन भिंती आणि जमीन मिळतात तिथं वन्संनी मला उभं केलं. हा शून्य, म्हणाल्या. इथून दाराच्या भिंतीलगत उजवीकडे किती ते पहिला आकडा, नाकासमोर आत किती ते दुसरा, आणि जमिनीपासून वर किती ते तिसरा. मोजपट्टी त्यांनी लगेच बाजूला ठेवायला लावली. त्यावरचे आकडे त्यांना दिसणार नव्हते, वीत मात्र कायम हाताशी होती. सगळं घर आम्ही त्यांच्या वितीनं मोजलं. त्या मोजायच्या आणि मी त्यांचा हात सरळ रेषेत ठेवायचे.

टेबलापाशी मी आठही कोपरे मोजायला निघाले, तर त्यांनी थांबवलं.

“दोन कोपरे सांग. खालचा शून्याकडचा आणि त्याच्या अगदी विरुद्ध, वरचा लांबचा. बाकीचे मी काढते.”

खालचा भरला सात, सहा, शून्य. वरचा तेरा, नऊ, चार. वन्संनी तिथल्या तिथं बाकीचे सहा घडाघडा म्हणून दाखवले. मला वाटलं पाठ करून ठेवले असतील. मग त्यांनी समजावलं, की टेबल भिंतींना समांतर आहे, तेव्हा कुठलाही कोपरा घे, त्याचा पहिला आकडा सात नाही तर तेरा, दुसरा सहा नाही तर नऊ, तिसरा शून्य नाही तर चार. दोन गुणिले दोन गुणिले दोन, झाले आठ. मी शाळेत गणितात कायम काठावर पास. पण त्या दिवशी टेबलाचा एकेक कोपरा हातानं धरून मी आकडे म्हटले आणि ते बरोबर आले, तेव्हा मला भारीच आनंद झाला. चाळिशीत.

पुढं दर आठवड्याला माझी फेरी ठरूनच गेली. कामवालीनं पलंग सरकवला असेल तर मी तो पुन्हा जागेवर आणायचे. कामाला पंधरा मिनिटं लागायची आणि मी दोन तास बसायचे. वन्सं शाळेतल्या गमती सांगायच्या, माझी उणीदुणी काढायच्या, मीही बाकी ठेवत नसे. घरात त्या काठी घेत नसत, हात पुढं धरत नसत. पाच विती अंतर धरून डाव्या भिंतीच्या कडेनं सरळ चालत जायच्या, वाटेत लागणारं मोठं कपाट अचूक टाळून आतल्या खोलीत जायच्या. पाहणाऱ्याला शंकाही आली नसती. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

ते मोठं कपाट वन्सं कधी उघडत नसत. कपडे त्यांच्या पलंगाखालच्या पेटीत असायचे. मग कपाटात काय असेल? मला फार दिवस खाज होती. एकदा त्या आत चहा करत असताना मी ते हळूच उघडलं. आत पोरींच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, बाकी काही नाही. तेवढ्यात कपबश्या वाजल्या, मी घाईनं दार लोटलं आणि खुर्चीत येऊन साळसूदपणे बसले. कडी लागली की नाही, पाहिलं नाही. ती लागली नव्हती.

मी गेल्यावर दार आपोआप पुढं आलं आणि अर्धवट उघडं राहिलं. बंद कपाट तीन वितींवर संपत होतं. उघडं दार त्याच्याही पुढं दोन विती आलं होतं. वन्संना कपाळावर चार टाके पडले.

दवाखान्यात ह्यांनी विचारलं, कपाट उघडं कसं? मी तोंडात मिठाची गुळणी धरली. कबूल करायचं तर चोरून कपाट उघडल्याचंही सांगावं लागणार होतं.

“मीच उघडलं आणि विसरले,” वन्सं म्हणाल्या. “कोपरे बंद कपाटाचे काढले होते. चूक माझी.”

शब्दाला जागून त्यांनी आठवड्यात सामान बांधलं. घर विकलं. मी गठ्ठे बांधत होते आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहायची माझी छाती होत नव्हती.

आमच्याकडे त्या नऊ वर्षं राहिल्या. पहिल्याच दिवशी नवा शून्य ठरवला, घर मोजलं. भांडणं व्हायची ती व्हायचीच. पण संध्याकाळी त्या झोपलेल्या असल्या तर मला चहा गोड लागत नसे, हेही खरं.

शेवटच्या वर्षी एका सकाळी त्यांची वेणी घालताना कंगवा कपाळावरच्या व्रणाला लागला. माझा हात थांबला. मी म्हटलं, कपाट मी उघडलं होतं.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी घरात दुसरं आलं होतं कोण?”

“मग तेव्हा बोलला का नाहीत? तुमचं घर गेलं, वन्सं.”

“बोलले असते तर तू शरमेनं माझ्याकडे यायची थांबली असतीस. आणि तुझ्यावर खापर फोडून राहिलेल्या घरात मी एकटी काय केलं असतं?”

मला राहवलं नाही. म्हटलं, मी काय मायेनं येत नव्हते. तुम्ही माझ्या घरी राहायला येऊ नये म्हणून मापं घ्यायला येत होते.

“तेही ठाऊक होतं,” वन्सं म्हणाल्या. “पण येत होतीस.”

मी वेणी अर्धी सोडली आणि त्यांच्या पाठीवर डोकं टेकून रडले.