नानांची डबल बेल

श्रावणनाना स्पर्धा जाहीर करत नसत, गाडी लावत. रविवारी सकाळी युवक मंडळाच्या खोलीच्या दारात उभे राहायचे. एक हात वर चौकटीला, दोन पायांत अंतर, जणू खालची जमीन हलते आहे. आणि ओरडायचे, "कबड्डी डोणगाव, डोणगाव, डोणगाव! भाषन मेहकर! नेतृत्व शिबिर बुलडाणा, जागा एकच, उभ्यानं जाता येनार नाही!" रस्त्यानं जाणारं एखादं म्हातारं माणूस थांबून विचारायचं, "काहो, मेहकर लागली का?" नाना म्हणायचे, "लागली. पन भाषन करा लागते बाबा. बसता का?"

आता पुन्हा स्पर्धांचे दिवस आले आहेत. मंडळात नवी मुलं आली आहेत आणि ती मला विचारतात, नाना कोण होते, कसे होते? मी पत्रकं लिहिणारी मुलगी. 'जाहीर निषेध' एवढे दोन शब्द लिहिले की पुढचं पान माझं आपोआप भरतं. पत्रकाला एकच बाजू असते आणि तशीच असावी, असं माझं ठाम मत आहे. पण नानांबद्दल लिहायला बसलं की पहिल्याच ओळीशी मी अडते. 'आमचे नाना' लिहावं तर राग येतो. 'जाहीर निषेध' लिहावं तर हात चालत नाही.

नाना एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी मेहकर डेपोत गेली. तिकिटाची मशीन आली तेव्हा तिकिटाला भोक पाडायचे जुने चिमटे अडगळीत गेले. त्यातला एक नानांनी जवळ ठेवून घेतला. निवृत्त होऊन गावी आले आणि मंडळातल्या पोरांना भाषणं शिकवायला लागले. ते स्वतः कधी कुठल्या स्पर्धेत बोलले होते का? छे. "पन्नास मान्सं उभी अन् त्यायच्यातून मांगं जाऊन आवाज द्याचा. त्याहून मोठं स्टेज कोन्तं?" असं म्हणायचे. ते मला पटायचं नाही, आणि खोडूनही काढता यायचं नाही.

मी पहिल्यांदा मंडळात गेले ती वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीला. मंडळाचं नाव युवक मंडळच, युवती अजून पाटीवर चढलेल्या नाहीत. ती माझी वेगळी लढाई आहे. आमच्या बौद्ध वस्तीतून त्या खोलीत जाणारी मी पहिली मुलगी. विषय तोच, दर वर्षीचा: मोबाईल शाप की वरदान. मी शाप घेतला. तावातावानं सांगत होते की मोबाईलनं तरुण पिढी गुलाम केली आहे, एवढ्यात मागून नानांच्या चिमट्याचा आवाज आला. टक टक.

मी थांबले. सगळी पोरं हसायला लागली.

"डबल बेल झाली," नाना म्हणाले. "गाडी वळव."

"म्हणजे?"

"म्हंजे आता वरदान. इथूनच. थांबू नको, मांगं गाड्या हायेत."

"पण माझी बाजू शाप आहे!"

"जातानी होती. आता परतीची फेरी." मग जरा नरमाईनं, "हे पाय पोरी, मेहकरहून बुलडाण्याले जातानी जे गाव उजव्या खिडकीत दिसते, ते येतानी डाव्या खिडकीत येते. गाव तेच. मान वळवाले काय दुखते?"

दुखत होतं. मी काहीतरी बडबडले. मग एकच टक वाजली. एक टक म्हणजे थांबा, खाली बसा. दोन म्हणजे वळा. मंडळात एवढाच कायदा होता आणि तो सगळे पाळायचे. नानांनी टक केल्याशिवाय बसलेला बोलणारा मी पाहिला नाही. गोपाल आमचा सचिव. घरची चांगली बागायत, अंगानं आडदांड, कबड्डीत कोणाचं न ऐकणारा. पण चिमट्यापुढं तोही उभाच्या उभा राहायचा.

नानांचं दुसरं म्हणणं, "सुट्टे दे." मी 'शोषण' म्हटलं, 'व्यवस्था' म्हटलं, 'भवितव्य' म्हटलं की मागून यायचं, "पाचशाची नोट हाये ही. कोनी घेईन का? सुट्टे दे." मग मला सांगावं लागायचं की कोणाचं, कुठं, कधी, काय झालं. एकाच मुद्द्यावर रेंगाळले की, "पुढं सरका, पुढं मोकळं हाये." चिडचिड व्हायची. पण मेहकरला मी पहिली आले, हेही खरं. नेतृत्व शिबिराला मात्र मला पाठवलं नाही, गोपालला पाठवलं. मी भांडले. नाना म्हणाले, "तू तिथं जाऊन शिबिरवाल्यायलेच शिकवशीन. हा तरी ऐकून येईन." हा अपमान होता की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे सगळं चालायचं ते आमच्या मैदानाशेजारी. गावात तेवढीच सपाट मोकळी जागा, रस्त्याला लागून. आणि एके दिवशी ग्रामसभेपुढं ठराव आला, की मैदानावर गाळे बांधायचे. बाजाराची इमारत. पूर्ण मैदानावर. तालुक्याच्या स्पर्धा या खेपेला आमच्या मैदानावर व्हायच्या होत्या, त्यासाठी आम्ही वर्षभर मागं लागलो होतो. मैदान गेलं की स्पर्धा गेल्या, कबड्डी गेली, मंडळ म्हणजे नुसती एक खोली उरली. मी पत्रक काढलं. मेहकरला छापून आणलं, घरोघर वाटलं. मथळा अर्थातच तोच.

ग्रामसभेला गर्दी झाली. सरपंचबाईंनी ठराव वाचला. बाई सरळ होत्या, पण बोलण्यात कच्च्या. गावाचा विकास, गावाचा विकास, एवढंच दोनदा म्हणून थांबल्या. आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसत होतो. जिंकलोच होतो. तेवढ्यात नाना उठले. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमचेच नाना.

"गाळे व्हाले पायजे," नाना म्हणाले.

माझ्या हातातली पत्रकं तशीच राहिली. नाना बोलत होते, एक हात खांबाला धरून. बाया भाजी घेऊन रस्त्याच्या कडेला धुळीत बसतात, म्हणाले. ट्रक गेला की भाजीवर बोटभर माती. पाऊस आला की पोतं डोक्यावर. मैदान पोरांचं, ठीक. पण गावात बायाही राहतात. मग माझ्याकडं वळले. "अन् प्रज्ञा, तू सांग. हे मैदान तरुनायचं म्हनतं. पोरी कवा खेळल्या तिथं?"

सभेत हशा झाला. मी उठले आणि म्हणाले, "हा तरुणांच्या भवितव्यावर घाला आहे!"

"पाचशाची नोट," नाना भर सभेत म्हणाले. "सुट्टे दे."

आता लोक मलाच हसत होते. रागानं डोळ्यांत पाणी आलं आणि त्या रागातच बोलले. "पोरी खेळत नाहीत, पळतात! पोलीस भरतीसाठी. आमच्या वस्तीतली आरती पळते, वरच्या आळीतली वैष्णवी पळते. रस्त्यानं पळाल्या तर ट्रॅक्टरवाले मागून हॉर्न वाजवतात, गाणी लावतात. मैदानावर कोणी वाजवत नाही. गावात बाईच्या जातीला धावता येईल अशी दुसरी जागा दाखवा, मग बांधा गाळे!"

बायांच्या घोळक्यातून वैष्णवीची आई म्हणाली, "खरं हाये वं माय." पण तिच्याच शेजारची भाजीवाली म्हणाली, "नानाचंही खरं हाये."

शेवटी ठरलं ते असं: रस्त्याकडची एक रुंद पट्टी गाळ्यांना, बाकी मैदान मैदानच. कबड्डीचं पटांगण वाचलं. पळायची फेरी मात्र तुटली. पोरींना आता गाळ्यांच्या भिंतीपाशी एकदम काटकोनात वळावं लागतं, आणि वळताना वेग पडतो.

गोपाल म्हणाला, "नाना बोलला म्हनून अर्धं तरी वाचलं बे."

मी म्हणाले, "नाना बोलले म्हणून अर्धं गेलं."

तो डोकं खाजवत राहिला. मीही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. गाळे झाले, बचत गटातल्या बायांच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि पहिलाच गाळा निघाला कल्पनावहिनीला. कल्पनावहिनी म्हणजे नानांची सून. नवरा पुण्याला गाडी चालवतो, ही इकडं रस्त्याच्या कडेला धुळीत बसून भाजी विकायची. चिठ्ठी एका शाळेतल्या पोरीनं सगळ्यांसमोर उचलली होती, मी स्वतः पाहिलं. तरी गाव बोलायचं ते बोललंच. मी रविवारी मंडळात गेले आणि सगळ्यांसमोर विचारलं.

"नाना, तुम्ही सुनेच्या गाळ्यासाठी बोललात का?"

"तिले चिठ्ठीत निघाला."

"ते माहीत आहे. बोलताना ती डोळ्यांसमोर होती की नव्हती?"

"होती. सून हाये माही. डोळ्यासमोर नाही राहीन तं काय पाठीमांगं राहीन?"

"मग तुमची खरी बाजू कोणती ते एकदा सांगा."

नाना हसले. त्यांना दम लागायचा, हसताना छातीत शिट्टी वाजायची. "मी कंडक्टर हाओ पोरी. मले कुठी उतरा लागते?"

"ज्याला कुठंच उतरायचं नाही त्याच्या भरवशावर बाकीच्यांनी गाडीत बसायचं कशाला?" मी ओरडले.

नानांनी खिशातून चिमटा काढला. "चांगला इषय हाये. पयली बाजू, नाना बरोबर होता. बोल."

"मी नाही बोलणार."

"काऊन? विचाराले येते, बोलाले नाही येत?"

आणि मी बोलले. काय करणार, सवय लागली होती. म्हणाले, नाना गप्प बसले असते तर मी 'घाला, घाला' म्हणून खाली बसले असते, लोकांनी हात वर केले असते आणि पूर्ण मैदान गेलं असतं. आरती-वैष्णवीची नावं माझ्या पत्रकात कुठंच नव्हती. ती माझ्या तोंडून नानांनी काढली. टक टक. मी वळले. म्हणाले, समोरच्यांकडं बोलायला एक वाक्य नव्हतं, बाई अडखळत होत्या, त्यांना तुम्ही सगळ्यात चांगलं वाक्य फुकट दिलंत. आपल्या पोरांना न सांगता. आम्ही टाळ्या वाजवत असताना.

मग एक टक. मी बसले.

"निकाल?" मी विचारलं.

"निकाल परीक्षक देतात. मी निस्ता वाजवतो," नाना म्हणाले आणि गोपालला म्हणाले, "चाल बे, पुढं कोन?"

त्या हिवाळ्यात नानांचा दमा वाढला. इतकी वर्षं एसटीच्या मागच्या दारातून जी धूळ आत आली ती कुठं जाणार? बुलडाण्याला दवाखान्यात नेलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. गोपालनं स्पर्धेच्या तयारीचं सगळं सांगितलं, मंडप, पाणी, परीक्षक. नानांनी माझ्याकडं पाहून हात थोडा हलवला, बोटं मिटली, उघडली, मिटली, उघडली. टक टक केलं की नुसता निरोप दिला, ते मी गोपालला आणि गोपालनं मला विचारलं. दोघांनाही सांगता आलं नाही. स्पर्धा तोंडावर असताना नाना गेले.

शोकसभा मैदानावरच ठेवली. स्पर्धेच्या मंडपासाठी खड्डे खणून झाले होते, लोक त्यांच्यामधूनच सतरंज्यांवर बसले. कल्पनावहिनीनं गाळा उघडा ठेवला होता. "मामंजी म्हनत, फेरी रद्द कराची नाही," असं म्हणाली. त्या गाळ्याला तिनं मागून एक खिडकी पाडून घेतली आहे, मैदानावरच्या पोरांना बिस्किटं, पाण्याच्या पिशव्या द्यायला. तिथंच ती बसली होती, अर्धी दुकानात, अर्धी सभेत.

मंडळातर्फे मी बोलायला उठले. लिहून आणलं होतं. नाना आमचे मार्गदर्शक होते, आधारवड होते, त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली आहे. माझं मलाच ऐकू येत होतं की या सगळ्या पाचशेच्या नोटा आहेत. आणि मागून आवाज आला.

टक टक.

सगळी सभा वळली. कल्पनावहिनी खिडकीत होती. नानांचा चिमटा तिच्या हातात होता. डोळे रडून सुजलेले, पण नजर सरळ माझ्यावर. कोणीतरी म्हातारं पुटपुटलं, "काय करून राह्यली ही?"

मी कागद घडी केला.

"नाना," मी म्हणाले, "वैष्णवी रोज सकाळी तुमच्या सुनेच्या भिंतीपाशी वळते आणि तिथं तिचा वेग तुटतो. भरतीत तेवढ्यानंच राहिली, तर मी कोणाला धरायचं? तुम्ही आम्हाला टाळ्या वाजवू दिल्यात आणि उठून त्यांच्या बाजूनं बोललात. आधी मला एकदा सांगितलं असतं तर मी काय तुम्हाला अडवलं असतं? अडवलंच असतं. म्हणून नाही सांगितलं का? हे मी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. आता मी कोणाला विचारू?"

एवढं बोलून मी थांबले. पहिल्या रांगेतून गोपाल हळूच म्हणाला, "झालं प्रज्ञा, बस आता."

पण एक टक झाली नव्हती. मी खिडकीकडं पाहिलं. रस्त्याच्या बाजूनं गिऱ्हाईक आलं होतं. कल्पनावहिनी आमच्याकडं पाठ करून शेंगदाणे तोलत होती, आणि चिमटा खिडकीच्या फळीवर पडला होता.

मी उभीच राहिले.