तीन कुलपं आणि एक ‘येतो गं!’

आमच्या घराला तीन कुलपं आहेत आणि घरात चोरण्यासारखं काहीही नाही. एक फ्रीज आहे, पण तो रात्रभर इतका घरघरतो की चोरानं नेला तर आमचीच झोप सुधारेल.

तरी जिना उतरून खाली आले, की माझी उजळणी सुरू होणार म्हणजे होणारच. कुलूप लावलं का? लावलं. नक्की? नक्की. मग ओढून बघितलं का? की वर! आमचा जिना चौदा पायऱ्यांचा आहे आणि मी तो अकरा वेळा चढायचे. (वजन मात्र तसूभर कमी झालं नाही, हे मुद्दाम नोंदवते.) मग कुणीतरी सांगितलं, कुलूप लावताना मोठ्यानं बोला म्हणजे लक्षात राहतं. मी आपली रोज जिन्यात उभी राहून ओरडायची, ‘‘मंगळवार! कुलूप लावलं! घरात कुणी नाही!’’ चौथ्या दिवशी हे म्हणाले, ‘‘पेपरात पण देऊन टाक की!’’ मग मोबाइलवर कुलपाचा फोटो काढायला लागले. आठवडाभरात चाळीस फोटो झाले आणि नवीनच घोर लागला, की हा फोटो आजचा का कालचा?

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण मागच्या वर्षी अकलूजला ताईच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि मी सोलापूरहून मोहोळपर्यंत जाऊन गाडी परत फिरवली. गॅस चालू राहिलाय, अशी माझी खात्रीच झाली होती. घरी येऊन बघते तर गॅस बंद. इतका बंद, की सिलिंडरच संपलेला! वास्तुशांत हुकली, ताई चार महिने बोलली नाही, आणि बोलली तेव्हा एवढंच बोलली, ‘‘पोरीच्या साखरपुड्याला मोहोळवरनं परत फिरलीस ना सुमन, तर मला बहीण न्हाय असं समजीन.’’

ताईला मी एकटीच बहीण. आता सुधारणं भागच होतं.

मग माझी लेक प्राजू पुढं सरसावली. ती पुण्याला नोकरी करते आणि फोनवरून आम्हाला सुधारते. ‘‘आई, एकदम काही होत नसतं. एकेक पायरी चढायची. या आठवड्यात अकराच्या जागी नऊ वेळा बघायचं. पुढच्या आठवड्यात सात.’’ (आता आमच्या घरी भीतीची पायरी चढायची तर जिना उतरावा लागतो, हे तिला कोण सांगणार!) नवाचे सात झाले, साताचे पाच. तीनवर आले तेव्हा खालच्या पायरीवर बसून शंभर आकडे मोजायचे. शेजारची नरसम्मा अक्का रोज विचारायची, ‘‘अय्यो, चक्कर आली काय?’’ मी म्हणायची, ‘‘नाही अक्का, प्रगती चाललीय.’’

शेवटची, सातवी पायरी साखरपुड्याच्या दिवशीच होती. तिन्ही कुलपं एकेकदा लावायची, एकेकदा ओढून बघायची आणि निघायचं. वळायचं नाही. मोहोळ येईपर्यंत फोन आवाज बंद करून पर्समध्ये. ‘‘आणि आई, मनाचे खेळ असतात हे. अगदी शेवटच्या क्षणी मन काहीही ऐकवेल. आवाज आला तरी मागं वळायचं नाही.’’ मध्येच परीक्षाही घेईन, असा दम तिनं देऊन ठेवला होता.

साखरपुड्याची सकाळ उजाडली. दोन गाड्या ठरल्या होत्या. बायकांची गाडी आमच्या दारात येणार होती. पुरुषांची गाडी घेऊन माझे दीर सुधाकरभाऊजी थोडे मागून चौकात थांबणार होते आणि यांनी तिथवर चालत जायचं होतं. नवऱ्या मुलाच्या हातात द्यायचा साखरेचा पुडा माझ्याकडं होता. जरीचा कागद, मोती, वर छोटा मोर. आठ दिवस खपून मी सजवला होता. हे मागच्या गॅलरीतल्या बाथरूममध्ये मिशीला कलप लावत होते.

खालून हॉर्न वाजला. मी ओरडले, ‘‘अहो, गाडी आली!’’

आतून आवाज आला, ‘‘येतो गं!’’

आता तुम्हीच सांगा! आपल्याकडं घरातून निघताना ‘जातो’ म्हणतं का कुणी? अशुभ नाही का ते? पस्तीस वर्षं हा माणूस कामावर जाताना ‘येतो गं’ म्हणूनच गेलेला. मी स्वयंपाकघरात होते, समजले, निघाले चौकात. गॅस बघितला (एकदाच!), खिडक्या बघितल्या (एकदाच!), तर यांचा मोबाइल चार्जिंगला तसाच. ‘‘बघा! फोन विसरून गेले! आणि विसराळू म्हणे मी!’’ असं म्हणून तो पर्समध्ये टाकला. बाहेर आले. एक कुलूप, दोन कुलपं, तीन कुलपं. एकेकदा ओढलं. वळले.

चौथ्या पायरीवर होते तोच आतून दार वाजलं. धाड धाड!

‘‘अगं ए! सुमन!’’

प्राजू म्हणाली तसंच! मनाचे खेळ! आणि काय ते मन, आवाज काढला तर अगदी यांच्यासारखा, शिव्यांसकट! मी दात आवळले, ‘‘वळायचं नाही, वळायचं नाही’’ म्हणत उरलेल्या दहा पायऱ्या उतरले आणि गाडीत बसून म्हणाले, ‘‘चला!’’

माझी जाऊ लता बघतच राहिली. ‘‘वहिनी, आज परत वर गेला न्हाई?’’

‘‘सुधारले मी,’’ मी म्हणाले.

खोटं कशाला बोलू, आत नुसती चुळबुळ चालली होती. गावाबाहेरच्या बाळ्याच्या ओढ्यापासूनच जीव मागं ओढत होता. पर्सची चेन उघडत होते, लावत होते. पण फोनला हात लावला नाही. मोहोळला गाडी चहाला थांबली तेव्हा मला इतकं भरून आलं की प्राजूला फोटो पाठवावा म्हणून फोन काढला. नरसम्मा अक्काचे अकरा फोन येऊन गेलेले!

‘‘ही बघ परीक्षा!’’ मी लताला फोन दाखवला. ‘‘प्राजूनं अक्कालाही सामील करून घेतलंय. पण मी बधणार नाही!’’

मी ऐटीत चहाचा घोट घेतला, तेवढ्यात पर्समध्ये यांचा फोन थरथरायला लागला. सुधाकरभाऊजी. मी उचलला.

‘‘दादा, कुटं हाय तू? आमी कवाधरनं चौकात थांबलोय!’’

‘‘भाऊजी, मी बोलतेय. ते तुमच्याच गाडीत आहेत की!’’

‘‘आमच्या गाडीत न्हाईत.’’

‘‘नीट बघा!’’

‘‘वहिनी, दादा काय डिकीत बसल व्हय?’’

चहाचा कप माझ्या हातून सुटला. ते ‘येतो गं’, ते धाड धाड, त्या शिव्या, सगळं एकदम उलगडलं. लगेच अक्काला फोन लावला. ती आमच्या खिडकीखालीच उभी होती. ‘‘अय्यो, अकरा वेळा फोन केले! साहेब वरून ओरडायलेत, सगळी गल्ली गोळा झालीय!’’ तिनं फोन वर धरला आणि आमच्या यांचा आवाज आला, या खेपेला मनातला नव्हे.

‘‘सुमन! किल्ल्या कुटं हायत?’’

तिन्ही कुलपांच्या सगळ्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या. एक जोड पूर्वी अक्काकडं असायचा. तिच्याकडून हरवला तर, या भीतीनं तो मीच परत आणला होता.

‘‘मी आत्ता परत फिरते!’’ मला रडूच फुटलं.

‘‘खबरदार! तू मोहोळवरनं परत फिरलीस तर ताई जन्मात तोंड बघायची न्हाय तुजं. पुडा घेऊन पुढं जा!’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी हाय की हितं! आज पहिल्यांदा घरात राखणदार ठेवून कुलूप लावलंयस, आता तरी काळजी करू नको!’’

इतका अडकलेला माणूस, आणि तोच मला धीर देत होता. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि खरं सांगते, पस्तीस वर्षांत प्रथमच ते मला देखणे वाटले. (दिसत नव्हते, तरी.)

आमच्याकडं डबा, औषध, कोर्टाचे कागद, काहीही पोचवायचं तर एक खात्रीचा मार्ग आहे : एसटीचा कंडक्टर. मोहोळ स्टँडवर सोलापूरची गाडी लागलेलीच होती. भाऊजी तिकडं स्टँडवर जाऊन किल्ल्या घेणार, असं ठरलं. मी धावत गेले.

‘‘ह्या किल्ल्या सोलापूर स्टँडला द्यायच्या.’’

‘‘कशाच्या हायत?’’ कंडक्टरनं विचारलं.

‘‘नवऱ्याच्या.’’

‘‘आँ?’’

‘‘नवरा कुलपात आहे हो! निळा शर्ट घातलेले सुधाकर म्हणून येतील, त्यांनाच द्या. निळा शर्ट. सुधाकर. विसरणार नाही ना? निळा...’’

‘‘बाई, पाच वेळा सांगितलं. किल्ल्या सोडा की आता!’’

तेव्हा कळलं, किल्ल्या अजून माझ्याच मुठीत होत्या. मूठ उघडेचना! सात पायऱ्यांची शिडी होती माझी. अनोळखी माणसाच्या हातात घर देणं ही तिच्यावरची विसावी पायरी, आणि मधल्या बारा पायऱ्या कुणी लावल्याच नव्हत्या. पलीकडं लता पुडा छातीशी धरून उभी होती. कंडक्टरनं घंटी दिली. मी डोळे मिटले आणि एकेक बोट सोडलं. गाडी गेली. तिच्या नंबरचा फोटोसुद्धा मी काढला नाही.

अकलूजला पोचलो तर ताई मांडवाच्या दारातच. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग पुड्यावरच्या मोराकडं. ‘‘मोहोळ ओलांडलंस?’’ एवढंच म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडली.

जेवणाच्या पंगतीला हे पोचले. अर्धी मिशी काळीभोर, अर्धी पांढरी. गोंधळात दुसऱ्या बाजूला कलप लावायचा राहूनच गेला होता! मुलाकडचे अदबीनं दुसरीकडं बघत होते. हे माझ्या शेजारी बसले. निघताना तिन्ही कुलपं लावली का, हे मी विचारलं नाही. जीभ चावून धरली, पण विचारलं नाही!

जिलेबी वाढून झाली तरी हे नुसते पानाकडं बघत बसलेले. मग हळूच माझ्या कानाशी आले.

‘‘सुमन... आत अडकलो होतो तेव्हा मी चहा ठेवला होता. गॅस बंद केला का गं मी?’’

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. म्हणाले, ‘‘अहो, मनाचे खेळ असतात हे. एकेक पायरी चढायची. खा जिलेबी.’’

मग शांतपणे उठले, हात धुतले, मांडवामागं गेले आणि नरसम्मा अक्काला फोन लावला. अकरा वेळा लावला. तिनं एकदाही उचलला नाही.