कागदावरचा ससा

माझी थोरली बहीण कपड्यांच्या कारखान्यात कटर आहे. शिवणाऱ्या बायका वेगळ्या, ताई कापते. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरलेले असतात, त्यांवर ताईने बेतलेला खाकी कागदाचा नमुना ठेवतात आणि मग मशीन फिरतं. नमुना चुकला तर एक शर्ट वाया जात नाही, अख्खा ढीग जातो. त्यामुळे आधी कागद आणि मग कापड हे तिच्या अंगात इतकं भिनलंय की घरातही ती तशीच वागते. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा तिने फ्रिजच्या मापाचा कागद स्वयंपाकघराच्या फरशीवर चिकटवला आणि घरातले सगळे महिनाभर त्या न आलेल्या फ्रिजला वळसा घालून चालत होते. इथे काही सांडलंय का, असं पाहुणे विचारायचे. मी तिला भरपूर चिडवायचे, पण ती ढिम्म. कागद रद्दीत टाकता येतो, फ्रिज टाकता येत नाही, एवढंच म्हणायची.

आई गेली आणि त्या घरात ताई आणि बाबा दोघंच उरले. मी लग्न करून दुसऱ्या गावी, म्हणजे फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायला मोकळी. बाबांनी जन्मभर एका मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवली. बटणं काय कोणीही दाबेल, पण बाबा बोलायचे. तळमजल्यावर आत शिरलेल्या माणसाचं गाव, दुखणं आणि मुलंबाळं त्यांना चौथ्या मजल्यापर्यंत ठाऊक झालेली असत. घरी आल्यावर ते सगळं आम्हाला ऐकावं लागायचं, आणि आई म्हणायची, आता जरा श्वास घ्या. तो माणूस आई गेल्यावर गप्प झाला. हो, नाही, नको, बस. ताट समोर ठेवलं तर जेवत, नाही ठेवलं तर मागत नसत. ताई कामावर जाताना ज्या खुर्चीत बसलेले असत, त्याच खुर्चीत ती परतल्यावर सापडत. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की शरीर ठीक आहे, घरात काहीतरी जिवंत आणा, ज्याचं यांना करावं लागेल.

इमारतीत कुत्र्यामांजरांना बंदी होती. म्हणजे राहिले लहान जीव. दुसरं कोणी असतं तर रविवारी दुकानात जाऊन जे डोळ्यांत भरेल ते उचलून आणलं असतं. ताईने खाकी कागद काढला.

पहिला कागद माशांच्या टाकीचा. तो जेवणाच्या टेबलावर चिकटला. नुसती जागा मापून तिचं भागत नव्हतं, तिला खर्चाचीही तालीम हवी होती. जनावर दुकानात स्वस्त असतं, आजारी पडलं की महाग होतं, हे तिने कारखान्यातल्या एका बाईकडून ऐकलं होतं. म्हणून प्रत्येक जनावराचं खाणं, त्याच्या पिंजऱ्यातलं अंथरूण आणि डॉक्टरसाठी थोडे असे खरे पैसे ती पगाराच्या दिवशी बिस्किटांच्या डब्यात टाकायची आणि उरलेल्यात महिना काढायची. जमलं तर जनावर परवडलं. मी फोनवर म्हटलं, अगं, मासे नाहीत आणि तू त्यांचं वीजबिल भरतेस. ती म्हणाली, मग मासे आल्यावर अंधारात ठेवू का?

मासे परवडत होते, पण तिच्याच लक्षात आलं की माशाला हातात घेता येत नाही. बाबा खुर्ची टाकीकडे वळवतील आणि तसेच बसतील. तो कागद निघाला.

मग हॅमस्टर, उंदराएवढा गुबगुबीत जीव. पिंजरा लहान, खाणं मूठभर, हिशेब अगदी चापूनचोपून बसला. महिनाअखेरीस ताई पैसे घेऊन दुकानात गेली आणि जाता जाता विचारलं की हा जगतो किती. दोन वर्षं, फार तर अडीच, असं दुकानदार सहज बोलून गेला. ताई हात हलवत परत आली आणि तो कागदही काढून टाकला.

तिसरा कागद सशाचा. हा चांगलाच मोठा, गॅलरीचा अर्धा भाग त्यानेच खाल्ला. ससा खातो भरपूर, वायरी कुरतडतो आणि त्याला बघणारा डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला. डब्यात टाकायचे पैसे दुपटीहून वर गेले. ताई बस सोडून कारखान्यात चालत जायला लागली, चपलेचा अंगठा शिवून घेतला, पण महिना काढला. बाबा कधीमधी गॅलरीत गेले की कागदावर पाय पडू देत नसत, हे सांगताना तिचा आवाज हलका झाला होता. ससा नीट ठेवला तर दहा वर्षं जगतो. शेवटी तिने हेही बाबांना सांगितलं आणि म्हणाली की या रविवारी आपण ससा आणू.

आणि इथे घोडं अडलं. बाबा म्हणाले, ससा नको, तो लहानवाला हॅमस्टर आण. कित्येक महिन्यांत ते एवढं लांब वाक्य बोलले नव्हते, आणि तेही नेमकं नकार द्यायला. का नको, तर ताकास तूर लागू देईनात. ताईने समजावलं, मग ती चिडली, मग रडली. बाबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले आणि आता तर हो-नाहीसुद्धा बंद झालं. ताईने मला फोन केला. तिने बोलावलंय म्हणजे पाणी डोक्यावरून गेलंय, हे मला कळलं. मी पहिली गाडी पकडली.

खरं सांगायचं तर मी दोघांवर वैतागूनच घरात शिरले. एवढ्याशा सशापायी घर धुमसत ठेवायचं म्हणजे काय? ताई भाजी आणायला खाली उतरली तशी मी बाबांसमोर स्टूल ओढलं आणि म्हटलं, ती तुमच्यासाठी उन्हातान्हात पायी जातेय आणि तुम्ही हटून बसलाय.

"तिने तुझ्या आईचं केलं," ते म्हणाले. "आता माझं करतेय. मी जाईन तेव्हा तिला सुटू दे. दहा वर्षांचं जनावर तिच्या गळ्यात कशाला बांधू?"

मी उठले आणि ताईच्या हातातली पिशवी घ्यायला जिन्यात गेले. तिला विचारलं की हॅमस्टरचं काय बिघडलं होतं, सगळं तर बसत होतं.

"दोन वर्षांनी तो मेला म्हणजे?" ती म्हणाली. "आई गेल्यावर असे झालेत. परत एकदा झालं तर मी त्यांना कुठून बोलतं करू?"

म्हणजे बाबांना त्यांच्यामागे उरणारं जनावर नको होतं आणि ताईला त्यांच्याआधी जाणारं. आणि हे एकमेकांना सांगायची दोघांचीही छाती होत नव्हती. माझ्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, तरी दोघांनी ती माझ्याच कानात घातली. चहा झाल्यावर मी बाबांचं ताईला आणि ताईचं बाबांना, दोघांच्या तोंडावर सांगून टाकलं. ताई पांढरीफटक पडली. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, झालं, होतं तेही घालवलं.

मग बाबांनी विचारलं, "दोन आणि दहाच्या मधलं काही मिळत नाही का?"

मिळत होतं. गिनीपिग, सशाहून लहान, जगतो पाच-सहा वर्षं. पण दुकानदार एकटा द्यायला तयार होईना. हा कळपातला जीव, एकटा ठेवला तर झुरतो, खाणं सोडतो, नेणार असाल तर दोन न्या. खर्च सशाच्या जवळपास गेला, आणि सशाच्या खर्चाची तालीम तर झालीच होती. ताईने कागद कापला, पण महिनाभर थांबली नाही. मी असतानाच दोघे घरी आले, एक तपकिरी, एक पांढरा.

पिशवीतली कोथिंबीर नुसती वाजली तरी ते दोघे शिट्ट्या मारायचे. आधी बाबा दचकायचे, मग उत्तर द्यायला लागले. आठवडाभरात ताईचा फोन आला की बाबा पिंजऱ्यासमोर बसून विचारत होते, काय, झोप लागली का, पोट साफ झालं का. अगदी इस्पितळातली चौकशी. काकडी कोणाला जास्त गेली यावर त्यांचं ताईशी भांडण होऊ लागलं. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीच्या काड्या फुकट आणणं हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आणि त्यानिमित्ताने भाजीवाल्याचं सगळं घराणं त्यांना पाठ झालं. माझा जीव भांड्यात पडला.

चार वर्षं अशी बरी गेली. मग तपकिरी आजारी पडला. डब्यातले डॉक्टरचे पैसे सगळे लागले, तरी तो गेला. ताईने मला आधी फोन केला आणि नंतर बाबांना सांगितलं. मी पोचले तेव्हा बाबा पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसले होते. डोळे लाल होते. पांढरा एका कोपऱ्यात अंग चोरून बसला होता आणि काकडीला तोंड लावत नव्हता. ताई दारात उभी होती, आणि तिची भीती मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

"याला जोडीदार आण," बाबा म्हणाले. "लहान बघून आण."

ताई त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिने हळूच सांगितलं की लहान आणला तर तो पुढची सहा वर्षं राहील, मग पांढरा गेला की त्याला जोडीदार लागेल, हे कधी संपायचंच नाही. बाबांचं वय ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती.

"मला मोजता येतं," बाबा म्हणाले. "तेव्हा मी चुकीचं मोजलं होतं. तुला सुटायला हवं, असं वाटायचं मला. पण मी नसताना तू कामावरून येशील, कुलूप काढशील, तेव्हा घरातून कोणीतरी ओरडायला हवं ना तुझ्या नावाने."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ताई मात्र रडली नाही. ती बाबांच्या गुडघ्यावर हात टेकून उठली, पर्स खांद्याला लावली आणि मला म्हणाली, चल, दुकान अजून उघडं असेल.