चंपाने अंडं दिलं नाही

आमच्या घरात कोंबडी आली ती डॉक्टरांच्या सल्ल्याने.

खरं म्हणजे डॉक्टरांनी कोंबडी सांगितलीच नव्हती. त्यांनी सांगितलं होतं अंडं. माझी बायको इंदू विषमज्वरातून उठली होती; उठली म्हणजे ताप उतरला एवढंच, ती स्वतः काही उठत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. काही विचारलं तर "हूं", आणि नाही विचारलं तर तेही नाही. लग्न झाल्यापासून जिने मला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, तिचं हे मौन पाहून माझी पाचावर धारण बसली होती.

"मास्तर, अंगात ताकदच राहिलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "रोज एक अंडं द्या, दुधात घोळून. नाहीतर पुढचं मी सांगू शकत नाही."

ऐकायला हे सोपं वाटतं. पण आम्ही राहत होतो उज्जैनला माधव नगरात, आणि तेही अशा गल्लीत, जिथे चातुर्मासात कुणी कांदा चिरला तरी चार घरांत चौकशी व्हायची. त्यात महिना श्रावणाचा. त्यात मी शाळेत संस्कृत शिकवणारा! देवास गेटच्या बाजारात मला कुणी अंडी घेताना पाहिलं असतं, तर मी घरी पोचायच्या आत बातमी चहा पिऊन परत गेली असती. आणि रोज एक अंडं म्हणजे रोज एक बातमी. मग मी डोकं चालवलं. (माझं डोकं चालू लागलं की आमच्या घरात अजूनही काचेचं सामान उचलून ठेवतात.) कोंबडी एकदाच आणायची, की पुढची अंडी घरच्या घरी. थोडक्यात, एक अंडं लपवण्यासाठी मी अख्खी कोंबडी आणायचं ठरवलं.

देवास गेटला कोंबडीवाल्यासमोर मी छत्री डोळ्यांपर्यंत ओढून उभा राहिलो. पाऊस नव्हता.

"मास्टरसाब, कैसी चाहिये?" छत्रीखाली वाकून त्याने विचारलं. म्हणजे छत्रीचा उपयोग तिथेच संपला.

"अच्छी," मी म्हणालो. "तंदुरुस्त. वो लाल तुरेवाली दे दो."

"पर मास्टरसाब, वो तो..."

"ज्यादा बात नहीं! थैली में डालो और ऊपर से ये मेथी रखो."

तो बिचारा पुन्हा एकदा "पर" म्हणाला, पण मी त्याला पुढे बोलू दिलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पैसे देऊन मी टांगा पकडला आणि गल्लीच्या तोंडाशी उतरलो, तो समोर अण्णासाहेब! हे आमचे शेजारी. जुन्या दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. संस्थान विलीन झालं, मध्यभारत आला, राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला अशी बिऱ्हाड हलवू लागली, तरी अण्णासाहेब अजून दरबारातच होते. गल्ली त्यांच्या अखत्यारीत येते अशी त्यांची समजूत होती.

"मेथी का? बघू," ते म्हणाले. मग जरा मागे सरकले. "अहो मास्तर, हलतेय की ही."

"ताजी आहे," मी म्हणालो आणि घरात शिरलो.

घरात थैली उघडली, तर आतून ते पाखरू उसळून बाहेर आलं, कोनाड्यातल्या दौतीवर आदळलं आणि निळ्या पायांनी माझ्या धुतल्या धोतरावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. मी त्याच्यामागे, ते खाटेखाली. मी खाटेखाली, ते माझ्या पाठीवर! आणि तेवढ्यात मला हसू ऐकू आलं. मी खाटेखालून मान बाहेर काढली. इंदूने भिंतीकडची कूस बदलली होती आणि ती तोंडाला पदर लावून हसत होती.

"अहो," ती म्हणाली, "कुठून आणलीत हो ही चंपा?"

एवढ्या दिवसांत तिने उच्चारलेलं पहिलं अखंड वाक्य! मी खाटेखालीच रडलो. (दौतीची शाई डोळ्यांत गेली होती, असं नंतर सांगितलं.)

त्या दिवसापासून चंपाचा मुक्काम आमच्या परसात पडला. इंदू आधी खाटेवरून तिला तांदळाचे दाणे टाकायची. मग चंपा दाराबाहेर जाऊ लागली, म्हणून इंदू दारापर्यंत जाऊ लागली. चंपा तुळशीची माती उकरायची, म्हणून इंदू तिला हुसकायला परसात जायची. मग हुसकून दमायची म्हणून भूक लागायची. भूक लागली की भाकरी मागायची. सगळं छान चाललं होतं. फक्त अंडं नव्हतं.

मी माझ्याकडून कसूर केली नाही. गवताचं घरटं केलं. चंपाला कल्पना यावी म्हणून क्षिप्रेच्या रामघाटावरून एक पांढरा वाटोळा गोटा आणून त्यात ठेवला. चंपाने तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि ती निघून गेली. डॉक्टर यायचे, विचारायचे, "काय मास्तर, अंडं चालू आहे ना?"

"घरचीच कोंबडी आहे," मी म्हणायचो. यात खोटं काहीच नव्हतं.

"वा! बघा, चेहऱ्यावर कसं तेज आलंय. अंड्याचा गुण आहे हा!"

नवरात्राच्या सुमारास एका पहाटे परसातून असा काही आवाज उठला, की मी गादीवर उभाच राहिलो. चंपा आरवली होती! मान वर, छाती पुढे, आणि आवाज थेट स्टेशनापर्यंत.

"अहो, हे काय?" इंदूने विचारलं.

मी विचार केला. आमच्या सात पिढ्यांत कुणी कोंबडी जवळून पाहिली नव्हती, पण घरात शिकलेला मीच होतो, तेव्हा उत्तर देणं भाग होतं. "अंडं द्यायची वेळ जवळ आली असेल," मी म्हणालो. "कळा येत असतील."

इंदूला ते पटलं. हिंगाच्या डबीलाही शिवू नये असल्या सोवळ्या घरातली ती पोर, तिला तरी काय माहीत! त्यानंतर रोज पहाटे चंपा आरवली, की मी हातात वाटी घेऊन परसात धावायचो आणि गवत चाचपायचो. रोज तो गोटाच हाताला लागायचा.

पण आता गुपित राहिलं नाही. अण्णासाहेबांनी भिंतीवरून डोकं काढलं. "मास्तर! ब्राह्मणाच्या परसात कोंबडी? दरबारच्या काळात असली मनमानी चालली नसती!" आणि त्यांनी नगरपालिकेत शिकायत केली, की राहत्या वस्तीत कोंबड्या पाळायला बंदी असावी.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता, पहिल्या निवडणुका होऊन गेल्या होत्या, आणि लोकांना कशावर तरी पुन्हा मत द्यायची खुमखुमी होती. आमच्या वॉर्डाचे मेंबर धान्याचे व्यापारी. ते म्हणाले, "अब राजा का राज नहीं है साब. मोहल्ला जो बोलेगा, वोई होगा. इतवार को शाळा के मैदान में आ जाओ सब लोग."

शनिवारी इंदू जेवली नाही. चंपाला मांडीवर घेऊन परसात बसून राहिली.

"बंदी झाली तर हिला कुठे सोडणार?" तिने विचारलं.

देवास गेटलाच, आणि तिथून ती कुठे जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं. मी काहीतरी पुटपुटलो. तर इंदू "हूं" म्हणाली. तेच जुनं "हूं"! गल्ली गेली खड्ड्यात, मी मनाशी म्हटलं, ही कोंबडी हरली तर माझं घर पुन्हा गप्प होईल.

रविवारी मैदानात ही गर्दी! पुढे सतरंजीवर पुरुष, मागे बायका. बायकांमध्ये अण्णासाहेबांच्या पत्नी, म्हणजे अक्का, अगदी मधोमध. अण्णासाहेबांनी कोट घालून भाषण केलं. त्यात दरबार, शिस्त, आरोग्य आणि शेवटी धर्म आला. टाळ्या पडल्या. मग मी उठलो.

"सज्जनहो! ही कोंबडी चैनीची नाही, औषधाची आहे! हिच्या अंड्यांनी माझी बायको मरणाच्या दारातून परत आली. (अंडी कुठली, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नाही. भाषण फार छान लागलं होतं.) सांगा, या मुक्या मातेला तुम्ही वस्तीबाहेर काढणार?"

'मुक्या मातेला' म्हणताना मी हात केला. ठरल्याप्रमाणे इंदू चंपाला कडेवर घेऊन पुढे आली, आणि मुक्या मातेने मान वर करून अशी जोरदार बांग दिली, की मेंबरसाहेबांची टोपी हलली!

साक्षीला बोलावलेले डॉक्टर चश्मा पुसत पुढे आले. त्यांनी चंपाकडे खालून, वरून, बाजूने पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "हा कोंबडा आहे."

मग जे हसणं सुरू झालं, ते माझ्या कानांत आजही आहे. मेंबरसाहेब पोट धरून म्हणाले, "मास्टरसाब, अंडे इससे लेते थे? कमाल है!"

"मग ह्या बऱ्या कशाने झाल्या?" डॉक्टर चक्रावले.

इंदूने चंपाला आणखी घट्ट धरलं. "ह्याच्यानेच," ती म्हणाली. "रोज मला उठवायचा."

ते ऐकून मला इतकं भरून आलं, की आपण चारचौघांत गाढव ठरलो आहोत हे मी विसरलो. पण अण्णासाहेब विसरले नाहीत. "बस! अंडं नाही म्हणजे औषध नाही, आणि औषध नाही म्हणजे सवलत नाही. घ्या मतं!"

"थांबा," मागून आवाज आला.

अक्का उभ्या राहिल्या होत्या. नवऱ्यासमोर भर सभेत अक्का बोलल्याचं गल्लीने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"मला एवढंच सांगायचंय," अक्का म्हणाल्या. "दरवर्षी आम्ही बायका कार्तिकस्नानाचा नेम धरतो. पहाटे टांगा करून क्षिप्रेवर जायचं. आणि दरवर्षी नेम मोडतो, कारण ह्यांचं ते दरबारी गजराचं घड्याळ! कधी मध्यरात्री वाजतं, कधी दुपारी भात वाढताना. यंदा कोजागरीपासून आमचं एक नहाण चुकलेलं नाही. का? मास्तरांची ती कोंबडी... जे काय असेल ते... आरवते म्हणून! पौर्णिमा अजून व्हायची आहे. आता तिला काढलीत आणि नेम मोडला, तर पाप कुणाच्या माथी?"

अण्णासाहेब कोटाचं लावलेलंच बटण पुन्हा लावू लागले.

"हात उठाओ भई," मेंबरसाहेब म्हणाले. "मुर्गा किसको नहीं चाहिये?"

पुढच्या सतरंजीवरून हात वर झाले. बरेच होते. मी मोजायचं सोडून दिलं.

"और किसको चाहिये?"

आणि मागून बांगड्यांचा असा आवाज झाला, की सगळे पुरुष मान वळवून पाहू लागले. एकूण एक बाईचा हात वर! अक्कांचे तर दोन्ही होते. ते पाहून पुढच्यांपैकी काही जणांनी आपले हात हळूच खाली घेतले. त्यांनाही घरी जाऊन जेवायचं होतं.

"बायकांची मतं धरायची?" अण्णासाहेब ओरडले.

"धरनी पड़ेंगी साब," मेंबरसाहेब म्हणाले. "दिल्ली की सरकार इनके वोट से बनी है, तो मुर्गा क्या चीज है! मुर्गा रहेगा, धार्मिक कार्य के लिये. नाम क्या है इसका?"

"चंपा," इंदू म्हणाली.

"अब चंपालाल बोलो, बैनजी."

अशा रीतीने शुद्ध शाकाहारी माधव नगरात एक कोंबडा पुण्यकार्यासाठी मंजूर झाला. आम्ही परतलो ते मिरवणुकीनेच. पुढे इंदूच्या कडेवर चंपालाल, मागे अक्का आणि बायका, त्यांच्या मागे मी, आणि वाटेत जो भेटेल तो विचारतोय, "मास्टरसाब, अंडा दिया क्या?" मला राग येत नव्हता. इंदू सगळी वाट बोलत होती. एकदाही तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चंपालाल आरवला. गल्लीत दारं उघडली, टांगा जोडला गेला, बायका क्षिप्रेकडे निघाल्या. मीही छाती काढून परसात गेलो. विजय माझाच तर होता! आभाळ उजळत होतं, चंपालाल भिंतीवर उभा होता, आणि दारात इंदू माझ्याकडे पाहत हसत होती.

"अहो," ती म्हणाली, "हातात काय आहे?"

मी खाली पाहिलं. वाटी होती. आणि दुसरा हात गवतात.