काळ्यावरची चांदी

चंदेरी विमान करायचं तर ते आधी काळं रंगवावं लागतं, हे जपानमधल्या शिझुओकातल्या, छोट्या विमानांची मॉडेलं करणाऱ्यांना काय सांगायचं! काळा थर आरशासारखा गुळगुळीत हवा. त्यावर चांदी फवारली की खालचा कण न् कण वर दिसतो. तिथे झाकपाक चालत नाही.

कात्सुमाताला साठीनंतर जवळचं दिसेनासं झालं. तेव्हापासून काळा थर वाळला की तो विमान बायकोपुढे धरायचा. चिझुकोला विमानांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नजर घारीची. खिडकीपाशी पंख तिरका करून ती म्हणायची, "अहो, यावर तीळ पेरलेत का?" तो चिडायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. मॉडेलवाल्यांच्या मंडळात सगळ्यात नितळ विमानं त्याचीच असत. त्याचं श्रेय त्याने बाईला कधी दिलं असेल तर शपथ!

फेब्रुवारीत ती गेली. त्याला रडू आलं नाही. लोक सांत्वनाला आले, कमरेत वाकले, गेले. तो भात खायचा, भांडी विसळायचा, रंग फवारायचा. आत सगळं बधिर. मे महिन्यातल्या प्रदर्शनात विमान मांडायचं, एवढंच डोक्यात होतं. काळा थर त्याने सुनेला दाखवला. फार सुंदर झालंय बाबा, असं ती म्हणाली. मग त्याने चांदी चढवली.

हॉलमध्ये जो तो थांबून वाखाणत होता. कात्सुमाताने पंखावर बोट फिरवलं तर चांदीखाली खरखरीत रवा लागला. लोकांना तो दिसत नसेल होय? त्याला वाईटसुद्धा वाटलं नाही. कुणीतरी खरं बोलावं, एवढंच त्याला हवं होतं.

तेवढ्यात इशिगामी आला. मंडळ निघाल्यापासून याने कात्सुमाताच्या विमानाला कधी धड म्हटलेलं नाही. दरवर्षी चारचौघांत खोड काढणार, मग दोघांची जुंपणार, आणि बाकीचे हसणार. आता हा सोडत नाही, या विचाराने कात्सुमाताला उलट हायसं वाटलं.

इशिगामीने चष्मा वर केला, पंखावर ओणवा होऊन बराच वेळ पाहिलं.

"छान झालंय रे," तो हळूच म्हणाला.

"नीट बघ."

"बघितलं. छान झालंय." आणि तो चक्क कमरेत वाकला.

तेव्हा कुठे कात्सुमाताला चिझुको गेल्याचं कळलं. तो टेबलामागच्या खुर्चीवर बसला आणि भर प्रदर्शनात, लोकांदेखत, हमसून हमसून रडला.