भोयर मॅडमचे उटणे

भोयर मॅडम नमस्कार करीत नसत; वास घेत. महाल भागातल्या आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत मी पहिल्या दिवशी भीतभीतच पाऊल टाकले. भूगोल शिकवणाऱ्या या बाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या, माझ्या गालाजवळ नाक आणून थांबल्या आणि निदान सांगून मोकळ्या झाल्या : "मॉलमधलं आहे. खालचा मजला, डाव्या हाताचं दुकान. काहून वं, एवढ्या गोड तोंडाले पुट्टी मारून राहिली?" गालांवरचे वांग झाकण्यासाठी मी जी बाटली वापरत असे, ती त्याच दुकानातली होती.

हे ज्ञान त्यांना तपश्चर्येने प्राप्त झाले होते. त्यांची एकुलती मुलगी पल्लवी दहावीला शाळेत पहिली आली, तेव्हा पेढा तोंडात धरून एक मावशी म्हणाली होती, "हुशार आहे, पण सावळी आहे." त्या एका वाक्याशी मॅडमनी पुढची दहा वर्षे युद्ध केले. रात्रीचे मलम, दिवसाचे मलम आणि दोन्ही मलमांना एकमेकांची सवय व्हावी म्हणून मधल्या वेळेत लावायचे एक पाणी. पल्लवी होती तशीच सावळी राहिली. उजळली ती दुकानाची पाटी. शेवटी काउंटरवरची मुलगी एकदा म्हणाली, "मॅम, रिझल्ट यायला वेळ लागतो." मॅडमनी विचारले, "किती वं? हिले नातवंडं होतपर्यंत का?" दुकान सुटले ते त्या दिवशी.

रिकाम्या बरण्यांत मोहरी, जिरे आणि हिंग भरले गेले. त्यांच्या घरी वरणाला फोडणीसुद्धा परदेशी बरणीतून पडे. गच्चीवर संत्र्यांच्या साली वाळू लागल्या, आणि प्रत्येक नव्या भक्ताप्रमाणे मॅडमना प्रचाराची घाई झाली. बेसन, मुलतानी माती आणि सालींचे पीठ असे उटणे जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पुड्यांत बांधून त्या स्टाफला वाटत. 'कोणतेही दोन प्रश्न सोडवा' असे वाचत वाचत आम्ही तोंड धूत असू. पी. टी.च्या सरांनी मॅडमचे कोळशाचे दंतमंजन वापरले, तर आठवडाभर त्यांची शिट्टी काळी पडलेली होती. तक्रार केली की ठरलेले उत्तर मिळे : "जे खाता येत नाही, ते तोंडाले लावू नका. एवढं साधं आहे."

साधे मात्र ते नव्हते. मॅडमनी दुकान सोडले होते. मुलगी उजळ व्हावी ही इच्छा सोडली नव्हती. तीन ठिकाणांहून पाहायला येऊन 'कळवतो' असे सांगून गेलेली माणसे त्यांच्या मनातून गेली नव्हती. चौथे स्थळ आले, तेव्हा त्यांनी दर रविवारी पल्लवीला उटणे लावायला सुरुवात केली. मुलगा बुटीबोरीत इंजिनिअर, घर अमरावतीचे. पाहण्याच्या कार्यक्रमाला मलाही बोलावणे आले, तेही त्यांच्या पद्धतीने : "तू काही बोलत नाहीस. पाहुण्यांसमोर अशीच माणसं पाहिजेत."

मार्च महिना होता, घरोघरी तिखट करण्याचे दिवस. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मॅडम वाळलेल्या साली घेऊन नत्थूभाऊंच्या चक्कीवर गेल्या. धान्याच्या चक्कीत साली टाकल्या तर पिठाला वास येतो, म्हणून नत्थूभाऊंनी त्या शेजारच्या मसाल्याच्या मशीनमध्ये टाकल्या. त्या मशीनमधून नुकतीच एका भोजनालयाची पोतेभर भिवापुरी मिरची निघाली होती. संत्र्याच्या पिठात तिखटाचा रंग कोणाला दिसणार? घरी पुडी उघडताच मॅडमना शिंक आली. ती त्यांनी ताजेपणाची खूण मानली. तत्त्वतः उटणे नियमातच होते. मिरची खाता येते.

पाहुणे यायच्या तासाभर आधी पल्लवीने ते उटणे लावले. मी पोहोचले तेव्हा ती मोरीत तोंडावर दही थापत होती आणि मॅडम हातातला पंखा उलटा धरून हलवत होत्या. तेवढ्यात फाटक वाजले.

पोह्यांचा ट्रे घेऊन पल्लवी बाहेर आली. गाल, कपाळ, नाकाचा शेंडा, सगळे तापल्या तव्यासारखे लालबुंद, डोळ्यांत पाणी. मुलाच्या आईने चष्मा पुसून पाहिले.

"फोटोत काहीच नाही दिसत जी! कशी गुलाबी गुलाबी आहे पोरगी. अन् डोळ्यांत पाणी पहा. आजकाल एवढी लाज कुठी राहिली?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने मान हलवली. "आमच्याकडून होच समजा, ताई."

दहा वर्षे मॅडम ज्याची वाट पाहत होत्या ते वाक्य त्यांच्या बैठकीत उच्चारले गेले होते. फक्त 'पोहे घ्या ना' म्हणायचे होते. मॅडमनी पल्लवीकडे पाहिले. ती ट्रे धरून उभी होती आणि तिच्या हनुवटीवरून पाण्याचा थेंब पोह्यांत पडत होता.

"ताई, तो रंग नाही जी," मॅडम म्हणाल्या. "मिरची आहे. भिवापुरी."

मुलाच्या आईचा चमचा थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे रात्रीपर्यंत उतरून जाईल. मंग जे राहील ते माझी पोरगी. सावळी आहे. ते पाहिजे असलं तर सांगा."

पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला आणि 'कळवतो' असे म्हणून ते उठले. कळवले नाही, हे सांगायला नकोच.

फाटक लागल्यावर पल्लवी सुजल्या ओठांनी म्हणाली, "आई, जिंदगीत पहिल्यांदा मले कोणी गुलाबी म्हटलं, अन् तुले चूप नाही राहवलं!"

"मंग काय, रोज मिरची लावून नांदली असती का?"

त्यावर पल्लवी जी हसली, ती गाल झोंबून पुन्हा रडेपर्यंत हसली. मॅडम पदराने तिला वारा घालत होत्या आणि स्वतःचे डोळे पुसत होत्या; दोष अर्थात मिरचीला दिला.

त्यानंतरही मॅडम पुड्या वाटत राहिल्या. फक्त आता कोणी "याने रंग उजळतो का?" असे विचारले, तर म्हणत, "तोंड धुतल्या जाते. बाकी काही होत नाही." निवृत्तीनंतर त्या पल्लवीच्या नोकरीपाठोपाठ नाशिकला गेल्या. जाताना पुन्हा एकदा माझ्या गालाजवळ नाक आणून थांबल्या. वास कसलाच नव्हता. माझे वांग उघडे होते. त्यांनी गालावर एक टपली तेवढी मारली.

परवा मी साली घेऊन नत्थूभाऊंच्या चक्कीवर गेले. मागे रांग होती, आणि चारचौघांत आवाज काढणे मला आजही जड जाते. तरी विचारले, "भाऊ, मसाल्याच्या मशीनमध्ये याच्याआधी काय दळलं?"

नत्थूभाऊंनी मशीन बंद केले आणि माझ्याकडे नीट पाहिले.

"भोयर मॅडमच्या शाळेतल्या का जी तुम्ही?"